रोशा : परक्या नावाने हिंडलेला आमचा सुगंध

काटोल म्हटले की उभ्या महाराष्ट्राला संत्रे आठवते. नागपूरच्या वायव्येस सुमारे साठ किलोमीटरवर, जाम नदीच्या काठी वसलेले हे गाव संत्र्याच्या बागांनी वेढलेले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत हे फळ विदर्भात आले, असे परंपरा सांगते. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहर धरला की आमच्या शिवारातील वारा त्या पांढऱ्या फुलांच्या वासाने जड होतो. २०१४ साली ‘नागपूर संत्रा’ या नावाला भौगोलिक निर्देशनाची कायदेशीर नोंद मिळाली. मातीचे नाव फळाला लागले आणि कायद्याने ते नाव राखले, ही आम्हा काटोलकरांना अभिमानाची गोष्ट वाटते आणि ती तशी आहेच.

परंतु याच मुलखातील आणखी एका सुगंधाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तो बागेत वाढला नाही, माळावर वाढला. त्याला कोणी पाणी घातले नाही, कुंपण घातले नाही. सातपुड्याच्या उतारावरून तो मुंबईच्या बंदरात गेला, तेथून तांबड्या समुद्रातून कॉन्स्टँटिनोपलला पोहोचला, बल्गेरियातील गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडला गेला आणि ‘गुलाबाचे अत्तर’ म्हणून युरोपातील श्रीमंत घरांत वावरला. त्या अत्तराने ज्यांचे हातरुमाल दरवळले, त्यांना विदर्भ आणि खानदेश ही नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. या सुगंधाचे नाव रोशा. त्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच आमचा हेतू आहे.

माळावरचे गवत

रोशा हे एक गवत आहे. संस्कृतात त्याला रोहिष म्हणतात, मराठीत रोशेगवत किंवा तिखाडी, हिंदीत रूसा. तिखाडी हे नाव त्याच्या चवीवरून पडले असावे. कारण पान चावले की जिभेला आल्यासारखा तिखटपणा जाणवतो. पावसाळ्यात ते कमरेइतके आणि पुढे पुरुषभर उंच होते. आश्विन-कार्तिकात त्याला तुरे येतात, आणि तुरे आले की त्यात तेल भरते. अशा वेळी टेकडीवरून गुरे गेली, की त्यांच्या खुरांखाली चेंगरलेल्या गवताचा वास दूरपर्यंत येतो. निमाड, बैतूल, मेळघाट आणि खानदेश हे त्याचे नावाजलेले प्रांत. पण काटोल-नरखेडपासून उत्तरेस सातपुड्याकडे चढत जाणाऱ्या मुरमाड टेकड्यांनाही ते परके नाही.

या गवताचे दोन प्रकार आहेत: मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, उघड्या, उन्हाच्या उतारावर विरळ वाढतो आणि त्याच्या तेलाला गुलाबाचा वास असतो. सोफिया ओलसर, सखल जागी दाट माजतो. त्याचे तेल उग्र आणि हलक्या प्रतीचे समजतात. पूर्वी भट्टीवाल्यांची अशी समजूत होती की गवत एकच. कोवळेपणी निळसर पांढऱ्या तुऱ्यांचे असते तेव्हा ते मोतिया आणि पिकून तांबूस झाले की सोफिया. विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे दोन वेगळे प्रकार असल्याचे दाखवून दिले. तरी बोलीतील नावे मात्र शास्त्राने जशीच्या तशी उचलली, आणि आजही प्रयोगशाळेच्या अहवालात ‘मोतिया’ हा आपलाच शब्द दिसतो. रोशाच्या कथेत आपल्या लोकांचे नाव शाबूत राहिल्याची उदाहरणे थोडी आहेत. त्यांतील हे एक.

गवताच्या शास्त्रीय नावात मात्र एका सेनापतीचे नाव आहे. क्लॉड मार्टिन हा फ्रान्सच्या लिऑन शहरात १७३५ साली जन्मलेला शिपाई. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मेजर-जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढला आणि लखनौत १८०० साली वारला. त्याने मागे ठेवलेल्या संपत्तीतून लखनौ, कलकत्ता आणि लिऑन येथे ‘ला मार्टिनियर’ शाळा उभ्या राहिल्या. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या काळात हा मार्टिन फौजेबरोबर दक्षिणेतील घाटमाथ्यावर होता. तेथे जनावरे एका गवतावर अधाशासारखी तुटून पडतात आणि मग त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येतो, हे त्याच्या लक्षात आले. त्याने बी गोळा करून लखनौला नेले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्या गवताचे वर्णन केले आणि मार्टिनच्या नावावरून त्याला नाव दिले. ज्या गुराख्यांच्या गाईंनी हा शोध आधीच लावला होता, त्यांचे नाव कोणी विचारले नाही. मार्टिनच्या चौकस बुद्धीला आम्ही कमी लेखत नाही. परंतु ‘शोध’ हा शब्द वापरताना तो कोणाच्या दृष्टीने शोध, हे ध्यानात ठेवावे एवढेच.

ओढ्याकाठची भट्टी

रोशाचे तेल काढण्याची जुनी रीत खानदेशाच्या संदर्भात एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी बारकाईने टिपून ठेवली आहे. ती वाचताना एखादा कुशल कारागीर डोळ्यांपुढे उभा राहतो.

भट्टी नेहमी वाहत्या ओढ्याच्या काठी मांडीत. दगडमातीच्या चुलाण्यावर लोखंडाची मोठी कढई बसवायची, तिच्यात पाणी ओतायचे आणि वर गवत खच्चून भरायचे. तोंडावर जाड लाकडी झाकण ठेवून त्याच्या कडा उडदाच्या पिठाच्या लेपाने लिंपून टाकायच्या, म्हणजे वाफ बाहेर निसटत नाही. झाकणाला एक भोक. त्यात पोकळ बांबू बसवलेला, आणि बांबूवर दोरी घट्ट गुंडाळलेली. बांबूचे दुसरे टोक तांब्याच्या अरुंद तोंडाच्या भांड्यात, आणि ते भांडे ओढ्याच्या थंड पाण्यात बुडवलेले. खाली जाळ पेटला की वाफ गवतातून तेल घेऊन वर चढे, बांबूतून जाई आणि थंड भांड्यात पुन्हा पाणी होई. त्या पाण्यावर फिकट पिवळे तेल तरंगू लागे. ते अलगद काढून घेत.

या सगळ्या खटाटोपात विकत आणावे लागणारे सामान म्हणजे एक लोखंडी कढई आणि एक तांब्याचे भांडे. बाकी सारे रानाचे: बांबू रानाचा, सरपण रानाचे, गवत रानाचे. लेपाचे उडीद शिवारातले आणि गारवा ओढ्याचा. म्हणूनच हा धंदा ओढ्यांच्या मर्जीवर चाले. पावसाळा सरून गवताला तुरे येत आणि ओढ्यांत पाणी खळखळत असे, तेवढेच काही आठवडे भट्टीचे. हिवाळ्यात ओढा आटला आणि गवत वाळले, की कढई उचलायची आणि गावी परतायचे.

खानदेशात पिंपळनेर आणि नंदुरबारकडील भाग या कामासाठी प्रसिद्ध होता, आणि भट्ट्या चालवणारे बहुतेक मुसलमान कारागीर होते. पुढे हा धंदा निमाड, एलिचपूर आणि बैतूलच्या डोंगरांत पसरला. त्या डोंगरांत राहणारे भिल्ल, कोरकू आणि गोंड हेच रानाचे खरे जाणते. कोणत्या उतारावर मोतिया, कोणत्या खोऱ्यात सोफिया, तुरा केव्हा कापावा, कोणता ओढा केव्हा आटतो, ही माहिती पुस्तकात नव्हती. ती त्यांच्या पायांत होती. ताज्या गवतात तेलाचे प्रमाण हजार भागांत जेमतेम चार-पाच. म्हणजे एक किलो तेलासाठी दोन-अडीचशे किलो गवत, तेही काटेरी उतारावरून विळ्याने कापून, भारा बांधून, डोक्यावरून ओढ्यापर्यंत आणायचे. सुगंधाच्या प्रत्येक थेंबामागे अशी कोणाची तरी पाठ वाकलेली असते.

गुलाबाच्या पोटात गवत

मुंबईच्या बाजारात या तेलाला ‘निमाडचे तेल’ म्हणत. इंग्रजांच्या कागदोपत्री त्याचेच ‘नमार’ झाले. येथपर्यंत निदान मातीचे नाव तेलासोबत होते. बोट मुंबईहून सुटली की मात्र नाव बदले. अरबस्तानच्या बंदरांतून ते तुर्कस्तानात पोहोचले की त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत. तुर्कस्तानातून ते युरोपात गेले, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी त्याला ‘तुर्की जिरेनियमचे तेल’ हे नाव दिले. वास्तविक त्याचा ना तुर्कस्तानाशी संबंध, ना जिरेनियमच्या झुडपाशी. पण मालाची पेटी ज्या बंदरातून आली त्या बंदराचे नाव मालाला चिकटते, हा व्यापाराचा जुना न्याय आहे.

तुर्कस्तानला हे तेल कशासाठी हवे होते? त्याचे उत्तर काझानलकच्या गुलाबखोऱ्यात आहे. आज बल्गेरियात असलेले हे खोरे १८७८ पर्यंत थेट तुर्की अमलाखाली होते. येथील गुलाबाचे तेल जगात सर्वोत्तम मानले जाई, आणि अजूनही त्याची ख्याती आहे. पण एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात, त्याही पहाटे दव असताना हाताने खुडलेल्या. साहजिकच त्याची किंमत सोन्याच्या पंगतीला बसे. रोशाच्या तेलाचा वास गुलाबाच्या इतका जवळचा, आणि किंमत त्याच्या मानाने नगण्य. मग जे व्हायचे तेच झाले.

भेसळ करण्याची रीतही मोठी कौशल्याची होती. मुंबईहून आलेल्या तेलात लिंबाचा रस किंवा गोंदाचे पाणी मिसळून ते ढवळीत आणि उथळ भांड्यांत उन्हात ठेवीत. त्यामुळे त्याचा गवताळ उग्रपणा कमी होई आणि रंग फिका पडे. मग हे सोज्ज्वळ झालेले तेल गुलाबतेलात सरळ ओतण्याऐवजी, पाकळ्या भट्टीत घालण्यापूर्वीच त्यांच्यावर शिंपडीत. दोन्ही एकत्र वाफाळून निघाले की ओळखणे महाकठीण. अस्सल गुलाबतेल थंडीत गोठते, आणि व्यापारी त्यावरून पारख करीत. रोशा मिसळला की ते लवकर गोठत नाही. तेव्हा भेसळ करणाऱ्यांनी गोठणारे दुसरे पदार्थ मिसळून त्यावरही उपाय काढला.

युरोपातील विद्वानांना या ‘तुर्की जिरेनियम’चे मूळ बराच काळ कळले नव्हते. औषधी वनस्पतींचे अभ्यासक डॅनियल हॅनबरी आणि फ्रीडरिख फ्लूकिगर यांच्या १८७४ सालच्या ‘फार्माकोग्राफिया’ या ग्रंथात ही साखळी स्पष्टपणे मांडलेली दिसते: गवत हिंदुस्थानचे, बंदर मुंबईचे, मधली पेठ तुर्कस्तानची आणि शेवट गुलाबाच्या कुपीत. ज्या काळात विलायतेत भारतीय मालाला ‘अस्सल’ म्हणवून घेण्यासाठी झगडावे लागे, त्या काळात आमच्या माळावरचे गवत अस्सल गुलाब म्हणून खपत होते. यात गंमत आहे आणि दुःखही आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लबाडी रोशाची नव्हती. तेल काढणाऱ्याने ते रोशाचे तेल म्हणूनच विकले. खोटेपणा शिरला तो नाव बदलल्यावर.

नावाची ही चूक शास्त्रातही जाऊन बसली. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या तेलातील मुख्य सुगंधी द्रव्य वेगळे केले. त्याच्यापुढच्या कुपीवर ‘भारतीय जिरेनियमचे तेल’ असे लिहिले होते, म्हणून त्याने त्या द्रव्याला ‘जिरॅनिऑल’ हे नाव दिले. मोतिया रोशाच्या तेलात या द्रव्याचे प्रमाण पाऊणहिश्शाहूनही अधिक असते. गुलाबाच्या तेलातही ते आहे, आणि दोघांच्या वासातील नाते त्यामुळेच. आज जगातील असंख्य साबणांत, पावडरींत आणि अत्तरांत हे द्रव्य असते, आणि त्यांपैकी अनेकांच्या वेष्टनावर एका भलत्याच झुडपाचे नाव छापले जाते. ते प्रथम हाती लागले ते आपल्या गवतातून, हे सांगणारी खूण त्या नावात उरलेली नाही.

सुगंधाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडले आहे. आम्हा संत्रेवाल्यांना जवळचे उदाहरण नारिंगीच्या फुलांच्या तेलाचे. कडू नारिंगीच्या फुलांपासून निघणाऱ्या तेलाला जगभर ‘नेरोली’ म्हणतात. सतराव्या शतकात इटलीतील नेरोला गावच्या सरदार घराण्यातील एका राजस्त्रीने आपले हातमोजे या तेलाने सुगंधित करण्याची चाल पाडली, म्हणून हे नाव रूढ झाले असे सांगतात. फुले वेचणारीचे नाव सुगंधाला मिळाले नाही. ते मिळाले तो लावणारीचे.

शास्त्रग्रंथातील बोरू

आता या इतिहासाच्या अशा एका पानाकडे वळू, की जे ख्रिस्ती वाचकांना विशेष जवळचे वाटेल.

बेथानीच्या घरी मरियेने प्रभू येशूच्या चरणांना जे मोलाचे तेल लावले, त्याला योहानच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात ‘नार्द’ म्हटले आहे. हा नार्द नेमका कोणता, याचा वाद अठराव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांत मोठ्या हिरिरीने चालला होता. सर गिल्बर्ट ब्लेन हे स्कॉटिश वैद्य. खलाशांना लिंबाचा रस देऊन स्कर्व्हीचा रोग हटवण्याच्या कामी ज्यांनी पुढाकार घेतला, तेच हे. त्यांचा भाऊ लखनौत होता. १७८६ साली तो अवधच्या नवाबाबरोबर शिकारीसाठी राप्ती नदीपलीकडे गेला असता, हत्तीघोड्यांच्या पायांखाली तुडवलेल्या एका गवताने सारी हवा दरवळल्याचे त्याने पाहिले. त्या गवताचा नमुना त्याने विलायतेस धाडला. रोशाच्याच कुळातील हे गवत म्हणजे प्राचीनांचा नार्द होय, असे ब्लेन यांनी १७९० साली मांडले. कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृत पंडित सर विल्यम जोन्स यांना ते पटले नाही. नार्द म्हणजे हिमालयातील जटामांसीचे मूळ, असे त्यांनी दाखवून दिले.

तरीही गवताचा पक्ष संपला नाही. नायोबियम या धातूचा शोध लावणारे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हॅचेट यांनी १८३६ साली मध्य हिंदुस्थानातून आलेल्या सुगंधी गवताच्या तेलाचा अभ्यास करून त्यालाच नार्द ठरवण्याचा प्रयत्न केला. पण अखेरीस जोन्स यांचे मत टिकले. आज अभ्यासक नार्द म्हणजे जटामांसीच मानतात, आणि आपल्या मराठी बायबलमध्येही जटामांसी हाच शब्द आहे. बेथानीचा मान आपल्या गवताला मिळाला नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या एका जागी मात्र त्याचा दावा अजून उभा आहे. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात परमेश्वराने मोशेला अभिषेकाच्या पवित्र तेलाची कृती सांगितली आहे. त्यात गंधरस, दालचिनी, तज आणि जैतुनाच्या तेलासोबत अडीचशे शेकेल वजनाचा एक सुगंधी बोरू सांगितला आहे. यिर्मयाच्या सहाव्या अध्यायात हाच बोरू दूर देशातून येणारा म्हणून उल्लेखला आहे. तो दूर देश कोणता? हिमालयातील वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिणारे जॉन फोर्ब्स रॉयल यांनी असे मत मांडले की तो बोरू म्हणजे मध्य हिंदुस्थानातील हेच तेलाचे गवत. आणि त्या मतापोटी त्यांनी गवताला ‘सुगंधी बोरू’ अशा अर्थाचे लॅटिन नावही दिले. सर्वांनी हे मत स्वीकारलेले नाही. काहींना तो बोरू म्हणजे वेखंड वाटतो, काहींना रोशाच्या कुळातील दुसरे एखादे गवत. निर्णय करणारा पुरावा हाती नाही, म्हणून आम्हीही तो करीत नाही. पण सातपुड्याच्या माळावरील गवताचा विचार शास्त्रग्रंथाचा अर्थ लावताना करावा लागला, ही घटना इतिहासात नोंदलेली आहे, आणि ती आपल्या धर्मग्रामांतील मुलांना सांगण्याजोगी आहे.

अभिषेकाच्या तेलाची परंपरा ख्रिस्तसभेत आजही जिवंत आहे. पवित्र आठवड्यात महागुरुस्वामी आपल्या धर्मगुरूंसह जे ख्रिस्माचे तेल पवित्र करतात, त्यात सुगंधी द्रव्य मिसळलेले असते. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाच्या माथ्याला आणि दृढीकरणाच्या वेळी कपाळाला तेच लागते. पूर्वी त्यासाठी जैतुनाचे तेल आणि बाल्सम लागत. १९७० साली या विधीची सुधारणा झाली, तेव्हा जैतुनाचे तेल दुर्मीळ असेल तेथे दुसरे वनस्पतिजन्य तेल आणि बाल्समऐवजी अन्य सुगंधी द्रव्य वापरण्यास मुभा देण्यात आली. अशा बाबतींत निर्णय महागुरुस्वामींचा. आम्ही एवढेच म्हणू की आपल्यापैकी प्रत्येकाने आयुष्यात पहिला सुगंध धारण केला तो बाजारातला नव्हे, वेदीवरचा. आणि त्या वेदीवर स्थानिक मातीच्या सुगंधाला दार बंद नाही.

अंगावर घेताना

रोशा अत्तर म्हणून लावणारी माणसे आज फारशी आढळत नाहीत. अत्तरवाल्याच्या पेटीत हिना, मोगरा, केवडा, वाळा आणि गुलाब असतात. रोशा असला तर तो साबण आणि अगरबत्तीच्या कच्च्या मालात असतो. आमच्या भागात जुन्या माणसांना तो आठवतो तो सांधेदुखीवर चोळण्याचे तेल म्हणून. दुखऱ्या गुडघ्यावर चोळायचे तेल सणासुदीला मनगटावर लावावे, ही कल्पनाच कोणाला सुचली नसावी.

परंतु अस्सल मोतिया तेलाचे दोन थेंब चमचाभर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात मिसळून मनगटावर लावून पाहावेत. (शुद्ध तेल सरळ कातडीला लावू नये, ते झोंबते आणि काहींना पुरळ उठते.) प्रथम येतो तो वाळत्या गवताचा आणि किंचित लिंबाचा वास. पाच-दहा मिनिटांत तो निवतो आणि गुलाब वर येतो. देवळातल्या हारातला घमघमता गुलाब नव्हे. कोरडा, मोकळ्या हवेतला, मागे थोडा तिखटपणा ठेवणारा. तास-दोन तासांनी गुलाबही मावळतो आणि कार्तिकातील उन्हात तापलेल्या टेकडीचा वास उरतो. गुलाबतेलाचे गांभीर्य त्यात नाही, हे खरे. पण गुलाबतेलात नसलेली एक गोष्ट त्यात आहे: तो आपल्या ओळखीचा आहे. ज्याने लहानपणी सातपुड्याच्या पायथ्याशी गुरे वळली, त्याला हा वास कुपीत नवा भेटत नाही, तो आठवतो.

सभ्य माणसाने अंगाला लावण्याचा सुगंध लांबून, महागातला आणि परदेशी नावाचा असावा, असा एक समज आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजून आहे. परदेशातून आलेल्या नातलगाने आणलेली काचेची कुपी कपाटात वर्षानुवर्षे जपून ठेवली जाते. त्या कुपीतही जिरॅनिऑल असण्याचा संभव पुष्कळ आहे.

नावाचे ऋण

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टर्पेंटाइनमधील द्रव्यांपासून जिरॅनिऑल कारखान्यात तयार होऊ लागले आणि रानातल्या भट्टीचे महत्त्व उतरले. माळराने नांगराखाली गेली, उरलेली चराईने उघडी पडली. रोशा नाहीसा झालेला नाही. तो रानातून शेतात आला आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तृष्णा, तृप्ता, वैष्णवी अशा त्याच्या सुधारित जाती काढल्या आहेत. हलक्या, कोरडवाहू जमिनीत ते तग धरते आणि एकदा लावले की काही वर्षे कापणी देते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमधूनही अलीकडे अशा पिकांना उत्तेजन मिळत आहे. आजही हे तेल जगाला पुरवण्यात भारताचाच वाटा मोठा आहे. जागतिक बाजारात त्याला आता ‘पामरोझा’ म्हणतात. म्हणजे गुलाबाच्या पदराला धरून चालणे अजून सुटलेले नाही.

संत्र्याला त्याच्या मातीचे नाव मिळाले, कारण त्यामागे बागाईतदार होते, संस्था होत्या, कायदा होता. रोशामागे होते ते विळा घेऊन उतारावर वाकलेले कोरकू आणि गोंड, आणि ओढ्याकाठी कढई मांडून बसलेले कारागीर. त्यांनी कोठे अर्ज करायचा होता? त्यांना रोजंदारी मिळाली, ती खर्च झाली, आणि त्यांचे नाव कोणत्याही कुपीवर आले नाही.

बेथानीच्या प्रसंगात एक तपशील आहे, तो या संदर्भात आम्हाला वारंवार आठवतो. यहूदा इस्कार्योताने त्या तेलाची किंमत तीनशे दिनार ठरवली. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. यहूदाने गरिबांचे नाव घेतले खरे. पण गरिबांची त्याला पर्वा नव्हती, असे योहान स्पष्ट लिहितो. गरिबांचे नाव घेणे आणि गरिबांचे ऋण मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शुभवर्तमानाने सुगंधाच्याच प्रसंगी सांगितले आहे. मार्कच्या शुभवर्तमानात बेथानीतील तेल ओतणाऱ्या स्त्रीचे नावही दिलेले नाही. तरीही जेथे जेथे शुभवार्ता सांगितली जाईल तेथे तेथे तिच्या कृतीचे स्मरण होईल, असे वचन प्रभूने दिले. नाव हरवले तरी कृतीचे स्मरण ठेवता येते, हा त्यातला दिलासा आहे.

ते स्मरण ठेवणे आपल्या हाती आहे आणि त्याला खर्च नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की भट्टी कोणत्या ओढ्यावर लागत असे, गवत कोण कापीत असे, तेल कोण घेऊन जात असे. ज्यांना हे सांगता येईल अशी माणसे आता थोडी उरली आहेत. मुलांना टेकडीवर न्यावे, एक पान चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरावे आणि सांगावे की याला तिखाडी म्हणतात, याचे तेल म्हणजे रोशा. आणि एके काळी गुलाबाच्या नावाने जगाला मोहवणाऱ्या सुगंधात याचाही मोठा हिस्सा होता.